एका दाराची गल्ली

पुण्यात अरुंद वाटेला तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत, हे मी उभ्या आयुष्यात कितीतरी लोकांना सांगितलं. त्यातल्या बहुतेकांनी विचारलेलं नव्हतं.

आळी म्हणजे ओळ. संस्कृतात 'आली' म्हणजे रांग, तिचीच ही पुढची पिढी. एका धंद्याची माणसं जिथं ओळीनं घरं करून राहिली ती आळी. तांबट आळी, बुरुड आळी, शिंपी आळी. रस्ता किती रुंद, किती लांब याच्याशी आळीला देणंघेणं नाही. गल्लीचं वेगळं. ती हिंदीतल्या 'गली'कडून इकडे आली आणि येताना एक ल जास्तीचा घेऊन आली. तिला धंदा लागत नाही, कुणीही राहावं. राहिला बोळ. त्याचं मूळ मला आजतागायत नक्की सापडलेलं नाही. कुणी म्हणतात बोळक्याशी त्याचं नातं आहे, दात पडलेल्या तोंडासारखी पोकळ जागा म्हणून. मला ती ओढूनताणून केलेली जुळवणी वाटते. मूळ सापडत नाही म्हणूनच असेल, तो शब्द माझा लाडका होता.

हे वेड वडिलांकडून आलेलं. ते शाळेत मराठी शिकवायचे आणि घरीही शिकवणं थांबवायचे नाहीत. जेवताना कुणी चुकीचा शब्द वापरला तर आमटीची पळी हवेत थांबायची आणि शब्द दुरुस्त झाल्यावरच पानात उतरायची. गल्ली आणि बोळ यांतला फरक त्यांनीच मला सांगितला होता. जिच्याकडे घरांची तोंडं ती गल्ली, ज्याच्याकडे घरांच्या पाठी तो बोळ. हा नियम कुठल्या कोशात नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. पण सदाशिव, नारायण, शनिवार अशा पेठांतून हिंडून पाहिलं की तो बऱ्यापैकी लागू पडायचा. गल्लीत ओटे, तुळशी, उंबरे दिसायचे. बोळात न्हाणीघरांचे पाट आणि मागच्या भिंतींवरचे गिलाव्याचे पोपडे.

मी एका कचेरीत आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. कचेरीचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. पानशेतच्या पुराला काही वर्षं झाली होती. जुन्या पेठांमधल्या वाटांची यादी नव्यानं करायचं काम निघालं. एक शिपाई बरोबर घ्यायचा, त्यानं फितीचं एक टोक धरायचं, मी दुसरं. लांबी, रुंदी, नाव आणि 'प्रकार' असे चार रकाने भरायचे. या चौथ्या रकान्यात रस्ता, गल्ली, आळी, बोळ यांपैकी एक शब्द.

आमचे हेडक्लार्क व्यवहारी गृहस्थ होते. सुपारी कातरत त्यांनी सुचवलं, "अहो, रस्ता नसेल ते सगळं सरसकट गल्ली लिहा. काम लवकर संपेल."

मी हटकलं. गल्ली वेगळी, बोळ वेगळा, आणि सरकारी कागदावर शब्द चुकीचा गेला तर पुढच्या पिढ्या तोच बरोबर धरतील, असं अर्धा तास सुनावलं. आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले, त्यांनीही ऐकलं आणि म्हणाले, "यांचं बरोबर आहे. जसं असेल तसंच लिहा." हेडक्लार्कनी सुपारी तोंडात टाकली. त्या दिवसापासून ते मला 'पंडित' म्हणू लागले. मला त्यातला टोमणा कळत होता आणि तरी आवडत होतं.

थंडीचे दिवस होते. सदाशिव पेठेत खाणावळी आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या यांच्यामध्ये एक वाट आत जात होती. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागायची. डाव्या हाताला एका मोठ्या घराची पाठ, उजव्या हाताला दुसऱ्या घराची. शेवटाला वाट बंद, आणि तिथं एक खोली. खोलीच्या उंबऱ्यावर एक बाई बसून रफू करत होत्या.

वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. खोलीला खिडकी नव्हती. जो काही उजेड होता तो वाटेवरच्या आभाळाच्या पट्टीतून यायचा, म्हणून त्या दिवसभर उंबऱ्यातच बसायच्या. मांडीवर एका शालूचा पदर होता. लग्नात समईवरून गेलेला, रुपयाएवढं भोक पडलेला. त्या शालूच्याच आतल्या दुमडीतून एकेक धागा सोडवून घेत होत्या आणि भोकावर उभा-आडवा विणत होत्या. मी थोडा वेळ पाहत राहिलो. विणून झालेली बाजू कुठली ते मला ओळखता येईना.

"काय मोजताय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी काम सांगितलं आणि विचारलं, "याला लोक काय म्हणतात?"

"रफूची गल्ली म्हणतात. पोरं पत्ता विचारत येतात तर खाणावळवाले तसंच सांगतात."

मी लिहायला घेतलं आणि थांबलो. म्हणालो, "नाव रफूचं लिहितो. पण बाई, ही गल्ली नाही. हा बोळ आहे."

आणि मग, हातात फीत घेऊन उभा राहून, मी त्यांना सगळं सांगितलं. आळी, ओळ, गली, जास्तीचा ल, पाठी आणि तोंडं. शिपाई एकदा खोकला. बाईंनी ऐकून घेतलं, दातानं धागा तोडला आणि म्हणाल्या, "माझ्या घराचं तोंड इकडेच आहे की हो."

मी हसलो. "एका दारानं गल्ली होत नाही, बाई."

हे वाक्य मी हसत म्हणालो होतो, ते मला नीट आठवतं. मला ते सुचल्याबद्दल बरं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला शाळा चौथीपर्यंत. तुम्ही लिहा काय लिहायचं ते. फक्त येण्याजाण्याची वाट आहे, एवढं राहू द्या म्हणजे झालं." मी चौथ्या रकान्यात 'बोळ' लिहिलं. येण्याजाण्याचं लिहायला पाचवा रकाना नव्हता.

यादी पुरी झाली आणि महिन्याभरात वरून एक हुकूम आला. यादीतल्या रस्ता, गल्ली आणि आळी या वाटा सार्वजनिक धराव्यात. बोळ म्हणून नोंदलेल्या जागा शेजारच्या घरालगतची मोकळी जागा धराव्यात. हुकूम काढणाऱ्यालाही दोष देता येत नाही. पेठांतले बहुतेक बोळ खरोखरच तसे होते, दोन घरांमधली सांडपाण्याची फट. कुणाच्या तरी मालकीची, कुणाच्या उपयोगाची नाही. तो कागद माझ्याच टेबलावरून फाइलीत गेला. वाचताना मला तो उंबरा आठवला. पण मी कागदाला भोक पाडलं, नाडी ओवली आणि पुढच्या कामाला लागलो. आपल्याकडून शब्द बरोबर गेला आहे, पुढचं पाहणारे दुसरे आहेत, असं मनाशी म्हटल्याचंही आठवतं.

डाव्या हाताचं मोठं घर त्याच सुमारास एका भांड्यांच्या व्यापाऱ्यानं विकत घेतलं. बुधवार पेठेत त्याचं दुकान होतं. त्यानं नियमाप्रमाणे उतारा काढला, त्यात बोळ त्याच्या घरालगत निघाला. चैत्रात त्यानं वाटेच्या तोंडाशी पत्र्याचं दार बसवलं आणि त्यावर रंगानं लिहून घेतलं: 'दुपारी १ ते ४ दार उघडले जाणार नाही. ठोठावून पाहू नये.' रात्री आठनंतरही कुलूप. त्याच्या दृष्टीनं ती त्याची जागा होती आणि एका बाईला जाऊ-येऊ देतो हे त्याचे उपकार.

वैशाखात बाई कचेरीत आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. शिपायानं ओळखलं आणि माझ्यापुढे आणून उभं केलं.

"तुम्ही ते शब्दाचं सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या, "भांडीवाला म्हणतो त्या शब्दामुळेच जागा त्याची. तो शब्द तेवढा बदलून द्या. पोरांना कॉलेज सुटल्यावर दुपारीच वेळ असतो. दार बंद दिसलं की परत जातात. आणि आता तो म्हणतो वरून पत्रे टाकणार, भांडी ठेवायला. पत्रे पडले की मला सुईचं नाक दिसायचं नाही. माझं पोट त्या उजेडावर आहे."

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. मी त्यांना पाणी दिलं आणि बघतो म्हणालो. त्या "बरं" म्हणून उठल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

हेडक्लार्कना मी सगळं सांगितलं. ते क्षणात म्हणाले, "सोपं आहे. एक ओळ लिहा, 'सदर नोंद माझ्या हातून चुकली असून प्रकार गल्ली असा वाचावा.' सही करा. मी आजच पुढे पाठवतो. नोंद करणाऱ्यानं स्वतः चूक कबूल केली तर कुणी विचारत नाही."

"पण ती चुकलेली नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो पंडित, तुमचं काय जातंय?"

काही जात नव्हतं. पगार नाही, बढती नाही, बदलीसुद्धा नाही. पण ज्या शब्दासाठी मी सगळ्या कचेरीसमोर भांडलो, जो साहेबांनी सगळ्यांसमोर बरोबर ठरवला, तो माझ्याच सहीनं चूक म्हणून लिहायचा आणि तोही या सुपारीवाल्या गृहस्थांच्या सांगण्यावरून! ते मला गिळवेना. मी मधला मार्ग काढला. दोन पानांचं टिपण लिहिलं. पहिल्या पानावर आणि दुसऱ्याच्या निम्म्यापर्यंत बोळ हा शब्द इथं कसा योग्य आहे ते सप्रमाण मांडलं, आणि शेवटी चार ओळींत लिहिलं की तथापि एका गरीब स्त्रीच्या वहिवाटीचा विचार करून ही जागा सार्वजनिक धरण्यास हरकत नसावी. टिपण सुरेख उतरलं होतं. मी ते घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्या बाईंचं यात कुठे आहे?" मी शेवटचा परिच्छेद दाखवला. "हं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात पाहू लागली.

पंधरा दिवसांनी टिपण परत आलं. साहेबांचा शेरा होता: 'शब्द बरोबर असल्यास दुरुस्ती कशाची?'

हेडक्लार्कनी तो शेरा वाचला, पण हसले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. ते एवढंच म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकू नका. खाली उतरा आणि ती ओळ लिहा." मी टिपण खणात टाकलं. उद्या लिहू म्हणालो. मग आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. खण रोज उघडायचो, पेन्सिली काढायचो, टिपण बाजूला सरकवायचो. बाई पुन्हा आल्या नाहीत. आल्या नाहीत म्हणजे काहीतरी निभतंय, अशी मी समजूत करून घेतली. माणसाला सोयीची समजूत लगेच सापडते.

नवरात्रात कुठल्याशा कामासाठी त्याच भागातून दुपारी दोनच्या सुमाराला चाललो होतो. खाणावळीसमोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. मांडीवर एक काळा कोट, बाजूला रॉकेलचा डबा. सायकली, हातगाड्या, जेवून बाहेर पडणारी पोरं, सगळं त्यांच्या पायांवरून गेल्यासारखं जात होतं. त्या कोटावर वाकून रफू करत होत्या आणि दर थोड्या वेळानं कोट झटकून धूळ काढत होत्या.

मला पाहून त्यांनीच सांगितलं. रॉकेलच्या रांगेत उशीर झाला, परत येईपर्यंत एक वाजून गेला, दाराला कुलूप. आता चारपर्यंत इथंच. "तसं आत बसून तरी काय," त्या म्हणाल्या, "पावसाच्या आधीच पत्रे पडले. आत आता दिवसाही दिवा लागतो. इथं निदान दिसतं तरी."

त्यांनी शब्दाचं विचारलं नाही. मला वाटतं, त्या ती गोष्ट केव्हाच संपली असं धरून चालल्या होत्या. मी काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. कोपऱ्यावर जाऊन पाहिलं तर एक पोरगा हातात सदरा घेऊन पत्र्याच्या दारावरची पाटी वाचत उभा होता. बाई त्याच्यापासून वीस पावलांवर, पण खाली मान घालून बसलेल्या. त्यानं पाटी वाचली आणि तो गेला. मी त्याला हाक मारायला हवी होती. तेही माझ्याच्यानं झालं नाही.

परत कचेरीत आलो, कोरा कागद घेतला आणि ती ओळ लिहिली. सदर नोंद माझ्या हातून चुकली. सही केली, हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली आणि सुपारीचा डबा माझ्याकडे सरकवला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मंजुरीचा शेरा मारला. मला बोलावलं नाही, शब्दाबद्दल विचारलं नाही. कुणालाच तो शब्द आठवत नव्हता. कचेरीत तो फक्त माझ्या एकट्याच्या डोक्यात होता.

पुढचे सोपस्कार व्हायला दिवाळी उलटली. व्यापाऱ्याला नोटीस गेली. तो भांडला, मग पत्रे उतरवले, दार काढलं. दुरुस्त उताऱ्याची नक्कल मी स्वतःच्या अक्षरात केली आणि ती घेऊन गेलो. वाटेवर पुन्हा आभाळ दिसत होतं, उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. खोलीला कुलूप होतं. खाणावळवाल्यानं सांगितलं, "बाईंनी दिवाळीआधीच खोली सोडली. काम उरलं नव्हतं हो. पोरं दुसरीकडे जायला लागली."

शिपायानं चौकशी करून पत्ता काढला. स्वारगेटच्या पलीकडे एका इस्त्रीच्या दुकानात मागच्या बाजूला त्यांना बसायला जागा दिली होती. येईल त्या कपड्यावर रफू करायचं, इस्त्रीवाला देईल ते घ्यायचं. मी गेलो तेव्हा एसटी गाड्यांचे हॉर्न चालू होते आणि कोळशाच्या धगीनं आत उभं राहवत नव्हतं. डोक्यावर एक दिवा लोंबत होता. त्याच्या पिवळ्या उजेडात त्या निळा आणि काळा धागा वेगळा करत होत्या, दोन्ही धागे डोळ्यांजवळ नेऊन.

मी उतारा पुढे केला. "गल्ली करून आणली," म्हणालो. किती मूर्खासारखं वाटलं ते बोलताना. "दार निघालंय. पत्रेही. तुम्ही परत जाऊ शकता."

त्यांनी कागद घेतला, दिव्याखाली धरला आणि अक्षरावर बोट फिरवत सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "खोली दिली हो सोडून. मालकानं दुसऱ्याला भाड्यानं दिलीही. परत काय जायचं." कागदाकडे पाहत त्यांनी विचारलं, "हे कसं झालं? मोठं काम असेल ना?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलता आलं असतं, पण निदान तेवढं तरी केलं नाही. "मला एक ओळ लिहायची होती. माझ्या हातून चूक झाली म्हणून."

"एक ओळ."

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली, कडेला कड नीट जुळवून, कपड्याची घालावी तशी. रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मग वैशाखात आले होते तेव्हाच का नाही लिहिलीत?"

इस्त्रीवाला गिऱ्हाइकाला कपडे मोजून देत होता, त्याचे आकडे ऐकू येत होते. त्याचं मोजून झालं, गिऱ्हाईक गेलं, आणि बाई अजून माझ्याकडे पाहत होत्या.